पोतं पालथं करा

आमच्या गावच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांना शेपट्या आहेत. खोटं वाटत असेल तर सानगडीला उतरा आणि बाजारात कोणालाही विचारा, शेपटीवाल्या पुस्तकांचं गाव कोणतं? तो बोट दाखवील त्या दिशेनं दोन तलाव ओलांडून या. विहाराशेजारच्या खोलीत चार कपाटं आहेत आणि चारही कपाटांच्या फटींतून सुतळ्या लोंबतात. प्रत्येक सुतळीच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा आहे आणि त्याच्यावर जांभळ्या शाईत लिहिलेला निकाल. तो निकाल वाचल्याशिवाय गावात कोणी पुस्तकाला हात लावत नसे. मोठ्या शहरात कोणत्या पुस्तकाला हार घातला, कोणाला शाल दिली, याची आम्हाला काडीची पर्वा नव्हती. आमच्याकडे ग्रेडरकाका होते.

नाव होतं त्यांना. मतदार यादीत सापडतं म्हणतात. पण उभी हयात धान खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढल्यावर माणसाचं नाव कोण लक्षात ठेवतो? ग्रेडरचं काम म्हणजे धानाची पारख. पोत्यात परखी खुपसायची. परखी म्हणजे हातभर लांबीची, टोकदार, पोकळ लोखंडी नळी. वर एक, मधात एक, खाली एक अशा तीन टोचा मारायच्या, नळीतून तळहातावर आलेले दाणे बघायचे, एक दाताखाली कट्कन फोडायचा आणि सांगायचं: भरलेलं की पोचट, तूस किती, ओलावा किती. पुढे ओलावा मोजायचं यंत्र आलं. ते म्हणे काकांच्या तोंडाकडे बघून मगच आकडा दाखवायचं. दाणा चावून काका सांगत की हे धान तलावाखालच्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं आहे, रोवणी धाकट्या सुनेनं केली आहे आणि रोवणीच्या दिवशी घरात भांडण झालं होतं. शेतकरी तोंडात बोट घालायचा. भांडण कोणत्या घरी होत नाही, हे विचारायचं भान कोणाला राहणार?

रिटायर झाले त्या दिवशी सत्काराचा नारळ त्यांनी केंद्रावरच फोडून वाटला आणि घरी फक्त परखी आणली. पोती संपली होती, म्हणून मग पुस्तकं धरली.

तसे ते आधीपासूनच वाचणारे. पण आता पद्धतशीर. सकाळी आठला ग्रंथालयात यायचे. मी तेव्हा तिथं नोंदवही घेऊन बसत असे, त्यामुळं हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि यात मी भर घालतोय असं कोणी म्हणू नये. घातलीच तर मूठभर. नवं पुस्तक आलं की काका ते मिटलेलं धरायचे, डोळे मिटायचे आणि परखीचं टोक हळूच पानांत सरकवायचे. सुरुवातीला एक टोच, मधात एक, शेवटाला एक. जिथं टोक शिरलं ती तीन पानं उभ्यानं वाचायची. एका जरी पानात दाणा लागला तर पुस्तक घरी न्यायचं आणि अथपासून इतिपर्यंत वाचायचं. तिन्ही टोचांत काही नाही लागलं, तर सुतळीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर एकच शब्द, 'तूस', आणि पुस्तक चौथ्या कपाटात. चौथं कपाट उघडताना त्याच्या बिजागऱ्या करकरायच्या, कारण ते वर्षातून दोनदाच उघडलं जायचं: दसऱ्याला झाडायला आणि उंदीर मेला तर.

जी पुस्तकं पास होत त्यांच्या शेपट्या मात्र वाचण्यासारख्या होत्या. लोक पुस्तक न्यायच्या आधी शेपटी वाचत आणि काही तर शेपटी वाचूनच घरी जात.

एका रहस्यकथेची शेपटी: 'खुनी कोण ते मले चाळिसाव्या पानावर समजलं. इन्स्पेक्टरले समजाले दोनशे पानं लागले. असा माणूस आमच्या काट्यावर हमाल म्हणूनही ठेवला नसता. बाकी भरलेलं.'

भुताच्या कादंबरीची: 'भूत भित्रं आहे. दिवा लावला की पळते. आमच्या बोडीच्या पाण्यातली हडळ तं दिवा मागाले येते.'

यशस्वी कसं व्हावं सांगणाऱ्या एका जाड पुस्तकाची: 'रोज सकाळी पाचले उठा मनते. आमची भैस चारले उठते. अजून तिचा कुठं सत्कार झाला नाई.'

परदेशच्या प्रवासवर्णनाची: 'लेखक अर्धं जग फिरला, पण कोण्या माणसाशी बोलला नाई. हॉटेलच्या चादरीवर सात पानं. चादर भरलेली, बाकी पोचट.'

ऐतिहासिक कादंबरीची: 'घोड्यायची दया येते. तीनशे पानं पळून राहिले. कोणी पाणी पाजत नाई.'

एका पुढाऱ्याच्या आत्मचरित्राची: 'ह्या पुस्तकात सगळे चुकतात. एकच माणूस चुकत नाई. तो लिहून राहिला.'

पाककृतींचं पुस्तक त्यांनी उपासाच्या दिवशी वाचायला घेतलं आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणं वाचता वाचता दोनदा ढेकर दिला. आकाशातल्या ताऱ्यांवरचं एक पुस्तक त्यांनी तीनदा वाचलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, 'समजलं नाई. दोष वाचणाऱ्याचा. भरलेलं.' असा निकाल लिहायला छाती लागते. मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण हे वाक्य लिहिणारा दुसरा नाही पाहिला.

कवितांच्या बाबतीत त्यांचं एक ठरलेलं मत होतं. कविता म्हणजे कनकी, तुटलेला तांदूळ. एका तरुण कवीनं ते ऐकलं आणि त्याचं तोंड पडलं. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रागावतोस कायले, बाबू? पेज कनकीचीच चांगली होते. आजाऱ्याले आम्ही अख्खा भात नाई देत."

आणि ओलावा! ज्या कादंबरीत पानोपानी रडारड असेल तिच्या पुठ्ठ्यावर ते लिहीत: 'ओलावा जास्त. उन्हात वाळवून वाचा.' आमच्या गावच्या बायका ती पुस्तकं खरोखर छपरावर वाळत घालत आणि मग वाचत. तरी रडू येईच, तो भाग वेगळा.

काका वाचत कसे, हे सांगितलं तर तुम्ही मला गावाबाहेर काढाल. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालता चालता वाचायचे. एकदा वाचता वाचता तलावाच्या पारीवरून सरळ पाण्यात उतरले, छातीभर पाण्यातून पलीकडे निघाले, पुस्तक कोरडं. डोक्यावर बगळा बसलेला. पलीकडच्या लोकांनी विचारलं, "काका, वरती बगळा?" तर म्हणाले, "बसू दे. तोही वाचून राहिला."

पण गावातली सगळ्यात मोठी गोष्ट ही नव्हे. सगळ्यात मोठी गोष्ट त्यांच्या लेकीच्या जन्माची. ती काका स्वतः सांगत आणि काकूही सांगत, फक्त दोघांचा सूर वेगळा असे.

काका सांगत ते छाती काढून. "आत बाळंतपण चालू. मी आंगणात पुस्तक वाचून राहिलो होतो. नर्सबाई बाहेर आली, मने पोरगी झाली. मी मनलं, पान संपू द्या. मंग? लेखकानं मेहनत केली असते. मधातून उठून जाणं बरं नाई."

यावर चौकात हशा होई, आणि आम्ही पोरं बाहेरगावच्या पाहुण्यांना अभिमानानं सांगत असू की आमच्याकडे असा वाचणारा आहे की घरात पोर जन्मलं तरी त्याची नजर पानावरून हलली नाही. आहे का तुमच्याकडे?

काकू हसत नसत. त्या सूप पाखडता पाखडता म्हणत, "मी इकडं मरून राहिली होती, अन् हा माणूस तिकडं पानं पलटवून राहिला होता. चाळीस वर्षं झाले, मी इसरली नाई. वाचा मनावं. अजून वाचा." आणि सुपातलं तूस असं काही उडवत की ते बरोबर काकांच्या अंगावर जाई. काका पुस्तक झटकत आणि पुढं वाचत.

आता नर्सबाई. त्या आमच्याच गावच्या, घर विहाराच्या मागं. सारी नोकरी त्यांनी आसपासच्या खेड्यांत सायकलनं, मग लुनानं, मग गुडघ्यांनी केली. आमच्या गावातल्या अर्ध्या लोकांना पहिली चापट त्यांनीच मारलेली, त्यामुळं त्यांच्यासमोर मोठ्या आवाजात बोलायची कोणाची टाप नव्हती. रिटायर झाल्यावर त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, भंडाऱ्याला छापून घेतलं आणि पहिली प्रत ग्रंथालयात आणून दिली.  एवढंच म्हणाल्या, "गावातल्या लोकायनं वाचलं पाहिजे. त्यायच्याचसाठी लिवलं."

काकांनी डोळे मिटले. पहिली टोच: कोण्या मान्यवराचा शुभेच्छा संदेश. दुसरी टोच: नर्सबाईंना मिळालेल्या प्रमाणपत्रांची यादी. तिसरी टोच: आभार. पाव्हण्यांपासून सायकल दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे.

काकांनी सुतळी ओवली. 'तूस.' चौथं कपाट करकरलं.

मी तिथंच होतो. मीच नोंदवहीत तशी नोंद केली. काकांची परखी म्हणजे आमच्या गावची इज्जत; तिच्यावर शंका कोण घेणार?

वर्ष गेलं. नोंदवहीत त्या पुस्तकापुढं एक नाव चढलं नाही. नर्सबाईंच्या घरी ट्रंकेत बाकीच्या प्रती तशाच पडून. गावच्या माणसाला त्या प्रत देऊ लागल्या की तो हात मागं घ्यायचा. "नाई बाई, ग्रेडरकाकानं तूस सांगतलं ना." ज्यांना त्यांनी जगात आणलं तेच असं तोंडावर सांगायचे. माणूस किती दिवस ऐकून घेईल?

दिवाळीच्या आठ दिवस आधी नर्सबाई ग्रंथालयात आल्या. काका नव्या पुस्तकात परखी घालायच्या तयारीत होते.

"काका, माह्या पुस्तकाच्या मांगं काय लटकवलं तुमी?"

"जे निघालं ते. तीन टोचा, तिन्हीत तूस."

"तुमी वाचलं का?"

"टोचलं."

"मी काय सुया टोचून माणसं वळखत होती का? ताप पाहाची, डोये पाहाची, पोट दाबून पाहाची."

"बाई, परखी खोटं बोलत नाई. उभ्या नोकरीत बोलली नाई."

नर्सबाईंनी चौथ्या कपाटाकडं बोट दाखवलं. मग त्यांनी ते तीन शब्द उच्चारले. "पोतं पालथं करा."

माझ्या हातातली नोंदवही खाली पडली. कारण ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, हे नुसते शब्द नव्हेत. आमच्याकडे खरेदी केंद्रावर शेतकऱ्याला ग्रेडरचा निकाल पटला नाही तर त्याला एक हक्क असतो. त्यानं म्हणायचं, पोतं पालथं करा. मग सगळ्यांसमोर ताडपत्रीवर अख्खं पोतं ओतायचं, सूप मागवायचं, दाणा आणि तूस वेगळं करायचं. नाही म्हणता येत नाही. काकांच्या नोकरीत कैक पोती पालथी झाली आणि प्रत्येक वेळी काकांचाच निकाल खरा ठरला. हेच तर त्यांचं सगळं वैभव. छातीवर पदक नव्हतं, हे होतं.

आणि हे एकदा जरी खोटं ठरलं, तर चारही कपाटांतल्या सगळ्या शेपट्या खोट्या.

काकांनी परखी टेबलावर ठेवली. "पुस्तक कसं पालथं कराचं?"

"मोठ्यानं वाचाचं. पयल्या पानापासून. तुमीच वाचाचं. गावासमोर."

"कवा?"

"मंडईच्या दिवशी. सगळं गाव घरी असते."

मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला दिवाळीनंतरचा सण. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दिवसा जत्रा भरते, रात्री नाटक. नाटकाचा मंच सकाळीच बांधून होतो, माईकही लागतो. सकाळी दहाला काका त्या मंचावर चढले. मागं पडद्यावर राजवाडा रंगवलेला. राजवाड्यासमोर लाकडी खुर्चीत काका, हातात नर्सबाईंचं पुस्तक, शेपटी तशीच लोंबतेय. समोर अख्खं गाव आणि पाच गावचे पाहुणे. जिलेबीवाल्यानं कढई उतरवली. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. दोन पोरं वर लटकलेली तशीच राहिली. त्यांना वरून जास्त चांगलं ऐकू येत होतं म्हणे.

पहिली वीस पानं शुभेच्छा. काकांनी एकही अक्षर सोडलं नाही. मान्यवरांचे पदांसकट संदेश. लोक हसायला लागले. कोणीतरी ओरडलं, "काका, सूप आणू का?" काकांनी एकदाच मान वर करून नर्सबाईंकडं पाहिलं. त्या बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसल्या होत्या, काकूंच्या शेजारी. हातात पिशवी घट्ट. 

मग पुस्तक सुरू झालं. सायकल आली, नाला आला, कंदिलाच्या उजेडातलं पहिलं बाळंतपण आलं. हसणं कमी झालं. जिला त्या नाल्यापलीकडून बैलगाडीत आणलं होतं, ती म्हातारी समोरच बसली होती; ती "हो, हो, मीच ते" म्हणत उभीच राहिली आणि खाली बसायचं विसरली. काकांचा आवाज बदलायला लागला. निकाल देणारा आवाज जाऊन वाचणाऱ्याचा आवाज आला. तुम्हाला सांगतो, मी तो आवाज ओळखतो. दाणा लागला होता.

पान उलटलं आणि काका वाचू लागले:

"माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष. बाळंतीण अडली होती. दुपार उलटली तरी सुटका होईना. गाडी जुंपायला सांगावं म्हणून मी बाहेर आले. अंगणात तिचा नवरा पुस्तक वाचत बसला होता. मला राग आला. चार शब्द सुनवावेत म्हणून जवळ गेले आणि पाहिलं, पुस्तक उलटं होतं..."

काका थांबले.

माईक घूं करत राहिला. दोन हजार माणसं होती, वीस हजारही असतील, मी मोजली नाहीत; पण चूल पेटली असती तर तिचा आवाज ऐकू आला असता. सगळ्यांना कळलं होतं. ती गोष्ट आम्ही चाळीस वर्षं चौकात सांगत आलो होतो. काका पानाकडं बघत होते. परखी पोत्यात असताना हात कधी हलला नव्हता. आता पुस्तकाची शेपटी थरथरत होती.

मी नर्सबाईंकडं पाहिलं. त्या काकांकडं बघत नव्हत्या. काकूंकडं बघत होत्या.

काकूंनी पदर सावरला आणि बसल्या जागेवरून, माईक नसताना, साऱ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"थांबले काहून? पान संपू द्या!"

काकांनी पान पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.

"...दोन्ही हात असे कापत होते की पानं वाजत होती. मी काही न बोलता आत गेले. तासाभरानं मुलगी झाली. सांगायला बाहेर आले तेव्हाही पुस्तक उलटंच होतं. मी म्हटलं, दोघी बऱ्या आहेत. तो म्हणाला, पान संपू द्या. मी थांबले. त्या पानावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते पूर्ण भिजलं होतं."

लेक मंडईसाठी माहेरी आलीच होती. ती पाण्याचा पेला घेऊन मंचावर चढली आणि पेला न देता तशीच बापाशेजारी उभी राहिली. काकू नर्सबाईंना एवढंच म्हणाल्या, "तवाच सांगतलं असतं तं माह्ये चाळीस वर्षं वाचले असते ना, बाई." नर्सबाई म्हणाल्या, "तुह्या नवऱ्यानं 'कोणाले सांगू नोका' मनलं होतं. सांगतलं नाई. लिवलं."

काकांनी उरलेलं पुस्तकही वाचलं, आभारांपर्यंत, सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या नावासकट. या वेळी आभाराला कोणी हसलं नाही. दिवस मावळला तेव्हा नाटकाचा नायक राजाच्या वेषात पायऱ्यांवर बसून रडत होता आणि त्याची मिशी सुटून हातात आली होती. त्या रात्रीचं नाटक साफ पडलं. रडायचं सगळं पाणी लोकांनी दिवसाच संपवून टाकलं होतं.

आता कोणी म्हणेल, मग तुमच्या काकांची इज्जत गेली. मी म्हणतो, त्या दिवसापासून ती ठेवायला कपाट पुरेना. चूक झाली तर ती अख्ख्या मंडईसमोर, माईकवर, स्वतःच्या तोंडानं पानापानानं वाचणारा ग्रेडर दुसऱ्या कोणत्या गावाकडं असेल तर दाखवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काका आले आणि चौथं कपाट सताड उघडलं. परखी आणली नव्हती. ती आता परसात वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवली आहे आणि काकू तिच्यावर फडकं वाळत घालतात. तूस म्हणून टाकलेलं एकेक पुस्तक काका पहिल्या पानापासून पालथं करत गेले. काही भरलेली निघाली. काही खरंच तूस होती, तसं निघालं की काका आनंदानं ओरडत, "पालथं केलं, तरी तूसच!" मी नागपूरला आलो तेव्हा अर्धं कपाट झालं होतं. मागच्या मंडईला गेलो तर बिजागऱ्या करकरत नव्हत्या.

नर्सबाईंचं पुस्तक आता शिवून शिवून जाडं झालं आहे. नोंदवहीत त्याच्यासाठी वेगळं पान काढावं लागलं. त्याची शेपटी काकांनी मंडईच्या संध्याकाळीच बदलली होती, मंचावरून उतरायच्या आधी. पुठ्ठा नवा, शाई तीच जांभळी, अक्षर थोडं वाकडं:

'पोतं पालथं केलं. दाणा भरलेला. परखी चुकली. ओलावा: पुस्तकात बरोबर, ग्रेडरमध्ये जास्त.'